शाळेचे कॅमेरे कोणी बघायचे?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग, साडेसहाशेच्या आसपास विद्यार्थी. शासनाच्या आदेशानंतर शाळेत सोळा कॅमेरे बसले. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत सातवीच्या दोन मुलांची मारामारी झाली. लिपिकाने ऑफिसातल्या टीव्हीवर दिसणारं ते चित्रण स्वतःच्या मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. मार खाल्लेल्या मुलाचे वडील आता फुटेजची प्रत मागताहेत. काही पालकांना वर्गाचं थेट चित्र मोबाइलवर हवंय. संस्थेच्या सचिवांच्या फोनवर ते आधीपासून आहेच, आणि ‘अमक्या बाई तासाला बसून का शिकवतात’ असे फोन ते करतात, त्यामुळे शिक्षक नाराज आहेत. वकील असलेल्या एका पालकाने ‘नव्या कायद्यात दोनशे कोटींचा दंड आहे’ असं सुनावलं. सगळ्या पालकांकडून संमतीपत्र भरून घ्यावं म्हणजे शाळा मोकळी, असा मुख्याध्यापिकांचा विचार आहे. ‘तेवढं पुरेल का?’ असं त्या विचारतात.

नमस्कार बाई,

नाही पुरणार. उलट त्या संमतीपत्राने तुमच्या मागे नवी कटकट लागेल.

वकील पालक म्हणाले तो नवा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आणि शाळांना लागू होणारी मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतात. या कायद्यात संमती म्हणजे मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली संमती, आणि दिलेली मागेही घेता येते. आता धरा, साडेसहाशेपैकी बारा पालकांनी सही दिलीच नाही. त्या बारा मुलांनी व्हरांड्यातून चालायचं नाही का? की ती आली की कॅमेरा बंद करणार? ‘सही नाही तर प्रवेश नाही’ म्हणावं तर ती मोकळेपणाने दिलेली संमती राहत नाही. जिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथे सही मागू नये.

आणि सुरक्षेपुरती त्या सहीची गरजही नाही. कायद्याच्या नवव्या कलमात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन कडक अटी आहेत. एक, पालकांची पडताळता येईल अशी संमती. दुसरी, मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यावर बंदी. नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीने शैक्षणिक संस्थांना या दोन्हींतून सूट दिली आहे, पण ती दोनच कामांपुरती: संस्थेचं शैक्षणिक काम आणि तिथे शिकणाऱ्या मुलांची सुरक्षितता. ही सूट कॅमेऱ्याला नाही, कारणाला आहे. तोच कॅमेरा शिक्षकांवर डोळा ठेवायला, पालकांची हौस भागवायला किंवा शाळेच्या जाहिरातीत चित्र टाकायला वापरला, की ती सूट तुम्हाला लागू राहत नाही.

दोनशे कोटींबद्दल थोडक्यात. मुलांविषयीची बंधनं मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी आणि माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी आहे, हे खरं. पण या वरच्या मर्यादा आहेत. चूक किती गंभीर, किती काळ चालली, ती थोपवायला काय केलं, हे बघून डेटा संरक्षण मंडळ रक्कम ठरवतं. एका क्लिपपायी अनुदानित शाळेला दोनशे कोटी भरावे लागतील ही भीती मनातून काढा. काळजी त्या दोन मुलांची करा.

त्यामुळे पहिलं काम त्या क्लिपचं. माहिती फुटली म्हणजे कोणीतरी बाहेरून हॅक केलं, असा आपला समज असतो. कायद्याच्या व्याख्येत अधिकार नसताना माहिती उघड करणंही येतं, म्हणजे लिपिकाने टीव्हीसमोर मोबाइल धरणंही. मे २०२७ नंतर असं घडलं तर ज्यांची माहिती फुटली त्यांना (मुलांच्या बाबतीत पालकांना) आणि मंडळाला विनाविलंब कळवावं लागेल, आणि मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. आजच तशी सवय लावा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनना लेखी कळवून क्लिप काढायला सांगा. दोन्ही मुलांच्या पालकांना वेगवेगळं बोलावून काय फुटलं, कसं फुटलं आणि शाळेने काय केलं, ते स्वतः सांगा. लिपिकाकडून लेखी खुलासा घ्या आणि त्याचा पासवर्ड बंद करा. टीव्हीचं तोंड मात्र त्याच दिवशी फिरवा. बहुतेक शाळांत तो भिंतीवर अभ्यागतांच्या बाकासमोर टांगलेला असतो, जणू शाळेची शोभा. लिपिक चुकला हे खरं, पण तो टीव्ही तिथे टांगणाऱ्यांचंही चुकलंच.

आता मार खाल्लेल्या मुलाचे वडील. त्यांचा राग रास्त आहे, त्यांना झिडकारू नका. पण प्रत देऊ नका. कायद्यातला हक्क आपल्याबद्दल कोणती माहिती ठेवली आहे आणि तिचं काय केलं जातं याचा सारांश मिळण्याचा आहे. अख्खी चित्रफीत हातात द्या असं कायदा म्हणत नाही. शिवाय त्या चित्रात दुसरा मुलगा आहे, बघे म्हणून उभी असलेली आणखी दहा-बारा मुलं आहेत. वडिलांकडून लेखी अर्ज घ्या. तुम्ही आणि एक शिक्षिका आधी पाहा, मग तुमच्या दालनात, तुमच्या दोघींसमोर तेवढीच दोन-चार मिनिटं त्यांना दाखवा. मोबाइल बाहेर टेबलावर. आधीचा-नंतरचा भाग नाही. पाहिल्याची नोंद, वेळ, सही. तो तुकडा मात्र लगेच वेगळा काढून ठेवा, कारण नेहमीच्या चक्रात तो पुसला जाईल आणि मग ‘शाळेने पुरावा नष्ट केला’ असं ऐकावं लागेल.

पोलिसांचं वेगळं. त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने फुटेज मागता येतं. आदेश घ्या, पोच घ्या, द्या. मूल हरवलं असेल तर कागदासाठी अडवू नका. आधी दाखवा, पत्र मागाहून घ्या. फुटेजमध्ये लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेत चौकशी समिती बसवत राहू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने ते न केल्यास कलम २१ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. अशा वेळी रेकॉर्डिंगवर नवं काही चढू नये म्हणून रेकॉर्डर थांबवून हार्ड डिस्क तशीच राखा. पेन ड्राइव्हवर काढलेल्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. हे काम पोलिसांसोबत बसून करा, घाईत कोणा मुलाकडून फाइल ‘कन्व्हर्ट’ करून घेऊ नका.

थेट चित्राच्या मागणीला सरळ नकार द्या. एका वर्गात पन्नास मुलं म्हणजे पन्नास मोबाइल. त्यातले काही घरात तिघे-चौघे वापरतात, काही दुरुस्तीला दुकानात जातात, आणि स्क्रीन रेकॉर्डिंग सगळ्यांवर आहे. प्रत्येक पालक आपल्या एका मुलासाठी बाकीच्या एकोणपन्नास मुलांना बघणार. आईवडिलांचा ताब्यावरून वाद चालू असलेलं एखादं मूल वर्गात असेल तर कोणाच्या हातात त्याची वेळ आणि जागा पडेल याचा विचार करा. पालकांना खरं तर चित्र नको असतं, पोरगं सुखरूप आहे एवढा दिलासा हवा असतो. तो देण्याचे साधे मार्ग आहेत: गैरहजर मुलाच्या घरी पहिल्या तासानंतर फोन, रिक्षावाल्यांची नाव-नंबरासह यादी, तक्रारपेटी दर आठवड्याला दोघींसमोर उघडणं.

सचिवांचा फोन ही तुमची खरी अडचण आहे हे पत्रावरून कळतंच. त्यांना कायदा वाचून दाखवायचाच तर एवढं दाखवा: या माहितीची जबाबदारी कायद्याने मुख्याध्यापकांवर नाही, संस्थेवर आहे. म्हणजे उद्या त्यांच्या मोबाइलवरून काही फुटलं तर नोटीस संस्थेच्या नावे येईल. ते सहसा यावर ऐकतात. त्यांना शाळेत येऊन, नोंदवहीत सही करून हवं ते पाहता येईल, असं ठेवा. शिक्षकांच्या अध्यापनाचं निरीक्षण कॅमेऱ्यातून होणार नाही असा व्यवस्थापनाचा ठराव करून घ्या. वर्गनिरीक्षण वर्गात जाऊन करायचं आणि लॉगबुकात लिहायचं. बसून शिकवणाऱ्या बाईंची कंबर दुखत असेल, हे कॅमेरा सांगत नाही.

मग तुम्ही काय बघायचं? बदलापूरच्या प्रकारानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत कॅमेरे बंधनकारक केले आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं असं सांगितलं. ही तपासणी बहुतेक ठिकाणी ‘पाहिले, ठीक’ एवढ्यावर उरकते. खरं म्हणजे वीस मिनिटांत चांगलं काम होतं. दर खेपेला तीन कॅमेरे निवडा, आळीपाळीने. शाळा भरण्याआधीची पंधरा मिनिटं, मधली सुट्टी आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास आठपट वेगाने पळवा. कोणी मोठा माणूस एकट्या मुलाला घेऊन आडबाजूला जातो का, एखादं मूल रोज सुट्टीभर एकटंच जिन्यात बसतं का, शाळा सुटल्यावर कोण रेंगाळतं, हे बघा. नोंदवहीत तारीख, वेळ, कॅमेरा क्रमांक, पाहणाऱ्याचं नाव, काय आढळलं, सही. रेकॉर्डरमध्येही कोणी कधी लॉगिन केलं याची नोंद आपोआप होत असते. या नोंदी किमान एक वर्ष ठेवा, नियमावलीला तेवढा काळ अपेक्षित आहे.

या तपासणीचा दुसरा फायदा असा, की रेकॉर्डिंग चालू आहे की नाही ते कळतं. समोर चित्र दिसतं म्हणून रेकॉर्ड होतंय असं नसतं. हार्ड डिस्क महिन्यांपूर्वी मेलेली असते आणि बीप त्रास देतो म्हणून कोणीतरी बंद करून ठेवलेला असतो. दुसरा नेहमीचा दोष घड्याळाचा. रेकॉर्डरच्या बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे, थेट २००० सालात जाते. नेमका प्रसंग घडला त्या दिवसाचं फुटेज मग शोधूनही सापडत नाही, आणि सापडलं तरी त्याच्या वेळेवर कोणी विश्वास ठेवत नाही. सेल स्वस्त आहे, दर दोन वर्षांनी बदला, आणि दर सोमवारी स्क्रीनवरची वेळ मोबाइलशी ताडून बघा.

साठवण ३० दिवसांची ठेवा. सीबीएसईने जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना किमान १५ दिवसांची अट घातली. तुमची शाळा राज्य मंडळाची, तिला ती लागू नाही, आणि १५ दिवस कमीच पडतात. मूल घरी लगेच बोलत नाही, त्यात दिवाळीची सुट्टी आली तर सगळं पुसून जातं. तुमच्या विभागाचा वेगळा आदेश आला तर अर्थातच तो पाळा. हिशोब असा: दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, चित्रण दाबून साठवायची एच.२६५ पद्धत, साधारण दोन एमबीपीएस, म्हणजे तासाला ०.९ जीबी. सकाळी सात ते संध्याकाळी सहा सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला १० जीबी. सोळा कॅमेरे आणि तीस दिवस मिळून पावणेपाच टीबीच्या आसपास. रात्री फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा. सहा टीबीची, कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली हार्ड डिस्क पुरते. कॉम्प्युटरची साधी डिस्क घेऊ नका, सतत लिहिण्याने ती लवकर बसते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद लोखंडी कपाटातल्या रेकॉर्डरचं तर विचारूच नका. जाळीचं कपाट आणि छोटा पंखा, एवढी तरी सोय करा. सोळा कॅमेरे, स्विच आणि रेकॉर्डर मिळून दीडशे वॅटच्या आसपास खातात. ६०० व्हीएच्या यूपीएसवर ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं चालतील. १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर सहा-सात तास निभावतात.

आवाज बंद ठेवा. सीबीएसईने आवाजासह चित्रण मागितलंय, तुमच्यावर तशी सक्ती नाही. व्हरांड्यात मुलं आणि शिक्षक काय बोलतात ते नोंदून सुरक्षितता वाढत नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा ऑडिओ वेगळा बंद करावा लागतो, एकदा केलं की सगळ्यांचा झाला असं समजू नका.

जागांविषयी. गेट, रिक्षा थांबतात ती जागा, जिने, व्हरांडे, मैदान, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट, एवढं आधी. वर्गखोली सगळ्यांत शेवटी. वर्गापेक्षा निर्जन कोपरे धोक्याचे. वर्गात आधीच बसलेले असतील तर ते दाराकडे वळवा. मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या कॅमेऱ्याची परीक्षा दार सताड उघडं ठेवून घ्या: शिक्षिकेला आत-बाहेर जायला सांगा आणि पडद्यावर आतली भिंत, आरसा किंवा आरशातलं प्रतिबिंब दिसतं का ते पाहा. दिसत असेल तर कॅमेऱ्याची दिशा बदला. रेकॉर्डरमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करायची प्रायव्हसी मास्कची सोय असते, पण कॅमेरा हलला की मास्क जागेवर राहतो आणि चित्र सरकतं, म्हणून तिच्यावर भिस्त नको. २.८ मिमीची लेन्स शंभर अंशांहून रुंद बघते, अरुंद बोळात ती नको ते टिपते. तिथे ४ किंवा ६ मिमीची घ्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. स्नेहसंमेलनात किंवा खो-खोच्या स्पर्धेच्या दिवशी वर्गखोलीच कपडे बदलायची खोली होते, आणि त्या वर्गात कॅमेरा चालूच असतो. आदल्या दिवशी वायर काढा किंवा कॅमेऱ्यावर जाड कापडी पिशवी बांधा, नोंदवहीत लिहा, आणि मुली आत जाण्याआधी शिक्षिकेने पडद्यावर खात्री करावी.

आता कॅमेरे बसवून देणाऱ्याकडे वळू. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिला रुग्णांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचे तरुण होते, आणि ‘अ‍ॅडमिन१२३’ सारखे पासवर्ड न बदलल्याने असे कॅमेरे उघडे पडतात हे तपासात दिसलं. तुमच्या रेकॉर्डरचा पासवर्ड आज कोणाला माहीत आहे? बहुधा बसवणाऱ्याला, आणि नोंदणी त्याच्याच मोबाइल नंबरवर असेल. त्याला बोलावून खातं शाळेच्या नावावर करून घ्या. पासवर्ड बारा अक्षरांचा, शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल सोडून. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. दुसरं खातं एका शिक्षिकेचं, त्याला फक्त पाहण्याचा अधिकार, प्रत काढण्याचा नाही. रेकॉर्डर इंटरनेटवरून बाहेर दाखवणाऱ्या पीटूपी आणि यूपीएनपी या सोयी बंद करा, म्हणजे बाहेरून मोबाइलवर दिसणंच थांबेल आणि सचिवांशी वाद घालायलाही लागणार नाही. कॅमेऱ्यांचं जाळं शाळेच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा. रेकॉर्डरवरचा क्यूआर स्टिकर झाका, त्यात यंत्राचा क्रमांक असतो. नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या सरकारी चाचणीचा कागद मागा. ‘चेहरा ओळखून हजेरी’ सारखं काही तो फुकट जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. सुरक्षिततेसाठी त्याची गरज नाही आणि मुलांच्या चेहऱ्यांची कायमची नोंद सांभाळायची जबाबदारी तेवढी वाढते.

त्याच्याशी वार्षिक देखभालीचा करार असेल तर त्यात तीन वाक्यं घाला: शाळेत कोणी हजर नसताना तो लॉगिन करणार नाही, फुटेजची प्रत नेणार नाही, आणि जुनी हार्ड डिस्क बदलीत परत घेणार नाही. तिसरं महत्त्वाचं. नवी डिस्क घेताना जुनी देऊन चार-पाचशे रुपये वाचतात, आणि डिलीट केलेलं साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतं. जुन्या डिस्कला ड्रिलने तीन-चार भोकं पाडा आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या. डिस्क निकालात काढल्याची नोंद जड संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) करून ठेवा, लेखापरीक्षणात ती डिस्क कुठे गेली असा प्रश्न येतो.

संमतीपत्राऐवजी पालकांना काय द्यायचं, तर सूचना. गेटवर ए-३ आकाराचा फलक: ‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी या आवारात कॅमेरे आहेत. आवाज नोंदवला जात नाही. चित्रण ३० दिवस राहते. ते मुख्याध्यापक आणि त्यांनी नेमलेली एक व्यक्ती पाहते. चौकशी व तक्रार: मुख्याध्यापक कार्यालय.’ तक्रारीचं उत्तर किती दिवसांत, तेही लिहा. नियमावलीत कमाल ९० दिवस आहेत, शाळेने पंधरा धरावेत. कायद्याने संमतीच्या सूचनेसाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचा पर्याय ठेवलाय. तेच माप इथे लावा आणि पूर्व भागात मराठीखाली तेलुगूत तरी लिहाच. तुमच्या पालकांत कन्नड आणि उर्दू वाचणारे असतील तर त्याही भाषा घ्या, चारही त्या यादीत आहेत. विड्या वळणाऱ्या कितीतरी आयांना फलक वाचता येणार नाही, म्हणून पालकसभेत तो वाचून दाखवा आणि त्याच सभेत थेट चित्र का देणार नाही तेही सांगा. सभा लिपिकाचं प्रकरण निपटण्याआधी नव्हे, दोन्ही पालकांशी बोलून झाल्यावर घ्या. नाहीतर सगळी चर्चा त्या क्लिपभोवतीच फिरेल.